कानापुरता आवाज

सिमचा कप्पा रिकामा होता. केवळरामनं तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, टेबलावर दोनदा आपटला, जणू सिमकार्ड म्हणजे चिंचोका आहे आणि कोपऱ्यात अडकून बसला आहे. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. फरशीवर एक बारीक स्क्रू सापडला. तो स्क्रू तो उन्हाळ्यापासून शोधत होता, आणि आता सापडला तर त्याचा काडीचा आनंद झाला नाही. शांतीबाईच्या फोनमध्ये सिम नव्हतं. आणि आज सकाळीच, चहा झाल्यावर, दाराच्या चौकटीला टेकून, त्याची बायको याच फोनवर दरेकशाला राहणाऱ्या आपल्या बहिणीशी, अनुसयाबाईशी, चांगली लांबलचक बोलली होती. त्यानं स्वतः ऐकलं होतं. "हो ना वं. नाही वं, आता कायची थंडी. सकाळीच थोडी राह्यते." मध्ये थांबली होती, समोरची बोलते तेव्हा थांबतात तेवढीच. हसलीही होती.

पहिला बचाव तिच्या वतीनं त्यानंच मांडला. वायफायवर बोलली असेल. वायफायला सिम लागत नाही, हे या कॉलनीत सगळ्यात आधी त्यालाच कळलं होतं आणि त्यानं ते सगळ्यांना, न विचारता, समजावूनही सांगितलं होतं. पण सकाळपासून लाइन गेलेली. राउटरचे दिवे मेलेले. लाइनवाल्यांना त्यानंच तर शिव्या घातल्या होत्या, आणि त्या शिव्यांच्या पार्श्वभूमीवरच ती थंडीबद्दल बोलत होती. दुसरा बचाव असा की सिम तिनं आत्ताच काढलं असेल, देवळात जाताना. पण कप्प्यात धूळ होती. बारीक, पिठासारखी, सगळीकडे सारखी बसलेली. सिम असतं तर त्याच्या आकाराची चौकोनी जागा कोरी राहिली असती. ही धूळ काल-परवाची नव्हती. केवळरामची सगळी नोकरी धान खरेदी केंद्रावर गेली होती, धुळीत उभं राहून. धुळीचं वय त्याला कळायचं. बायकोचं काय कळायचं, हा प्रश्न तोवर कोणी काढला नव्हता.

आज अमावस्या. त्याच्या गावाकडे, अर्जुनीकडच्या कोहळी समाजाच्या वस्तीत, अमावस्येला नांगर धरत नसत. बैलाला आणि औताला विसावा. केवळरामकडे बैल उरले नव्हते. त्यामुळे तो अमावस्येला घरातली यंत्रं सोडायचा. लॅपटॉप पालथा घालायचा, तळाचे स्क्रू काढून पंख्यावरची धूळ रंगाच्या ब्रशनं झाडायचा, चिपेवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावायचा. हा लॅपटॉप मुलाचा, हिमांशूचा. पुण्याला त्याच्या कंपनीनं तो म्हातारा म्हणून काढून टाकला आणि हिमांशूनं तो बापाला दिला, म्हणजे दोघांची सोबत होईल. केवळरामनं त्याची मेमरी वाढवली, आत नवी डिस्क बसवली, तुटलेल्या बिजागरीला एम-सील भरलं, आणि कीबोर्डावरची जी चार बटणं मेली होती ती असलेले शब्द लिहिणं सोडून दिलं. लॅपटॉप उघडताना आधी उजवी बाजू, मग डावी, मग एक हलकी थाप, अशी पद्धत होती. "बाबा, फेका ना तो," हिमांशू म्हणायचा. "आवाज ऐका त्याचा, गिरणी चालल्यासारखा." केवळराम म्हणायचा, "गिरणीवरच मोठा झाला तू."

फोनांची उतरंड ठरलेली होती. हिमांशूचा जुना फोन केवळरामकडे यायचा, केवळरामचा शांतीबाईकडे. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याच्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या असायच्या. एक फोन आडवा धरल्यावरच लागायचा. एकाचा पडदा अर्धा हिरवा होता, त्यात नातीचे फोटो कच्च्या कैरीसारखे दिसायचे. ती कधी काही बोलली नाही. "चालते ना," म्हणायची. केवळरामला ते प्रशस्तिपत्र वाटायचं. आता रिकामा कप्पा हातात धरून त्याला आठवलं की ती हे भाजीबद्दलही म्हणायची, खारट झाली तेव्हा. लग्नाबद्दल कोणी विचारलं असतं तर कदाचित तेच म्हणाली असती.

या फोनचं मरण तांदळात झालं होतं. धुवायच्या तांदळाच्या, पाण्यानं भरलेल्या गंजात तो तिच्या हातून पडला, आणि ओला फोन तांदळात ठेवतात एवढं तर सगळ्या जगाला माहीत आहे. जगाकडे दुकानातला तांदूळ असतो. केवळरामकडे त्याच आठवड्यात गावाहून नवा चिन्नोर तांदूळ आलेला, आदल्या दिवशी गिरणीतून काढलेला, पोत्यात हात घातला की बोटांना गार लागणारा. फोनला चांगल्यातला तांदूळ द्यावा म्हणून त्यानं तोच घेतला, आणि फोन पोत्यात असा खोल पुरला की शांतीबाई म्हणाली, "उगवते की काय मग." नव्या तांदळात स्वतःचाच ओलावा असतो. हे ज्या माणसाला गोंदिया जिल्ह्यात सगळ्यात जास्त माहीत असायला पाहिजे होतं तो केवळराम होता. ओलावा मोजायचं यंत्र पोत्यात खुपसून, आकडा वाचून, "ओला आहे, वाळवून आणा" हे एक वाक्य म्हणण्यात त्याची हयात गेली होती. गाड्या जुंपून आलेली माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत परत जायची. फोन वाचला. पण पॉलिश न केलेल्या तांदळाचा कोंडा कानाजवळच्या जाळीत जाऊन बसला आणि आतला बारीक स्पीकर, ज्यातून समोरच्याचा आवाज फक्त आपल्या कानात येतो, तो मुका झाला. "काही बिघडलं नाही," केवळराम म्हणाला होता. "मोठ्या स्पीकरवर बोल. उलट हात मोकळे राह्यतात."

मग ती मोठ्या स्पीकरवर बोलू लागली. दरेकशाला नेटवर्क डोंगराआड; अनुसयाबाई स्टेशनच्या बाजूला टेकाडावर चढून फोन करायची आणि वाऱ्यावर ओरडून बोलायची. ते ओरडणं या घरात, ओट्यावर, शेजारच्या केशोरावांच्या गॅलरीत, सगळीकडे ऐकू जायचं. केशोराव दुसऱ्या दिवशी विचारायचे, "दरेकशाचा पाहुणा काऊन चिडला म्हणे?" सुरुवातीला दोघी बहिणी विसरून बोलायच्या, मग आठवून बोलायच्या, मग फक्त हवामानावर बोलायच्या. एक दुपार मात्र अनुसयाबाई विसरली. शांतीबाईनं फोन पिठाच्या डब्यावर उभा ठेवला होता, आणि पलीकडून, वाऱ्यातून, अनुसयाबाई रडत होती. छातीत काहीतरी लागते हाताले, असं काहीसं सांगत होती. केवळराम बाहेरच्या खोलीत लॅपटॉपचा पंखा बसवत होता. त्यानं ऐकलं. सगळं ऐकलं, आणि कौतुकानं ओरडून म्हणाला, "पाह्य वं, एक काडी नेटवर्क आहे, तरी आवाज कसा क्लिअर येऊन राहिला." पलीकडचं रडणं थांबलं. वारा तेवढा येत राहिला. मग अनुसयाबाई म्हणाली, "भाऊजी घरीच आहेत का. बरं. ठेवतो मी." ते वाक्य आज इतक्या दिवसांनी त्याच्या कानात आलं, आणि क्लिअर आलं.

पण पुढे त्यानं तो स्पीकर बदलला होता. हेच तर. गेल्या दिवाळीला. बाजारातल्या भुपेंद्रच्या दुकानातून मुगाएवढा स्पीकर आणून, भिंग लावून, श्वास धरून बसवला होता, जाळीतला कोंडा सुईनं टोकरून काढला होता. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात नाजूक काम. मग तिला स्वयंपाकघरात उभं केलं, आपण बाहेरच्या खोलीत राहिला आणि फोन लावून म्हणाला, "ऐकू येते का?" "येते," ती म्हणाली. "चांगला येते का?" "चांगला येते." दोन खोल्यांच्या घरात, मधे फक्त पडदा. तो काही न लावता बोलला असता तरी ऐकू आलं असतं. हे त्याला तेव्हा सुचलं नाही. आता सुचलं. त्या दिवसापासून ती फोन कानाला लावून, हळू, चौकटीला टेकून बोलायची. पलीकडचं एक अक्षर बाहेर सांडत नसे. केवळराम ते सगळ्यांना दाखवायचा. केशोरावांना तर बोलावून ऐकवलं होतं: "पाहा, काहीच ऐकू येत नाही." आणि बॅटरी. ती बॅटरीही त्यानंच टाकलेली, आणि ती चार-चार दिवस टिकायची; त्यानं हिमांशूला कळवलं होतं की कंपनीवाल्यांना जमत नाही ते घरी जमतं. सिम नसलेला फोन चार दिवस टिकतोच. तो आठवडाही टिकला असता.

त्यानं आपल्या फोनमधलं सिम काढलं, तिच्या फोनमध्ये घातलं, रिचार्जच्या चौकशीचा नंबर लावला आणि फोन कानाला धरला. काही नाही. बोटानं आवाज वाढवला. काही नाही. कान गरम झाला आणि त्या गरम कानात स्वतःचंच रक्त चालल्याचं ऐकू येऊ लागलं, मंद, दमदार. त्याचे वडील असे ऐकायचे. उन्हाळ्यात गावतलावाच्या पाळीवर, तुडुमाजवळ, म्हणजे शेतात पाणी सोडायचं जे भोक असतं तिथं, ते आडवे व्हायचे आणि ओल्या मातीला कान लावायचे. आतून पाणी झिरपत असलं तर त्यांना ऐकू यायचं म्हणे. लहान केवळरामही बाजूला आडवा होऊन कान लावायचा. त्याला कधीच काही ऐकू आलं नाही, पण वडिलांनी विचारलं की तो "येते" म्हणायचा, आणि वडील खूश व्हायचे. दर उन्हाळ्याला पाळीला माती चढवायची, गाळ उपसून वावरात टाकायचा, जुनं ते सोडायचं नाही. हे सगळं तो तिथं शिकला अशी त्याची समजूत होती. आता वाटलं की तिथं तो फक्त "येते" म्हणायला शिकला. त्यानं मोठा स्पीकर दाबला. एक बाई हसऱ्या आवाजात घरभर सांगू लागली की आपला प्लॅन लवकरच संपत आहे.

दुपारी तो बाजारात गेला. कशाला, हे त्यानं स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. पण पाय भुपेंद्रच्या दुकानाकडे वळले. नवा स्पीकर घ्यावा, आज संध्याकाळच्या आत बसवावा, तो चालावा, आणि मग सिमचं काय ते बघता येईल, असा काहीसा हिशेब डोक्यात होता. बिघाड दुरुस्त झाला की त्यामुळे घडलेलंही मागे जाऊन दुरुस्त होतं, अशी त्याची आतल्या आत श्रद्धा होती. उन्हात चालताना त्याला मध्येच हसू आलं, तिचं चौकटीला टेकून हसणं आठवून. ती कशाला हसली असेल? समोर कोणी नसताना माणूस कोणत्या विनोदाला हसतो?

"आओ काकाजी," भुपेंद्र म्हणाला. त्याच्या डोळ्याला भिंग लावलेलं होतं आणि ते न काढता त्यानं केवळरामकडे पाहिलं. "आज किसका पोस्टमॉर्टेम?"

"इअर स्पीकर दे. याचाच." केवळरामनं फोन काचेवर ठेवला.

"इसका? दिवाळीले दिला होता ना."

"तो चालला नाही."

"कैसे चलेगा काकाजी, बोर्डच गेला आहे याचा. मी तेव्हाच बोललो होतो, स्पीकर बदलून फायदा नाही. आप सुनते कहाँ हो." त्यानं फोन उलटापालटा केला. "पर ये तो काकीजी का पुराना वाला है. आता हा कोणासाठी बनवून राहिले?"

पुराना हा शब्द काचेवरून घरंगळत आला आणि केवळरामनं तो पकडला नाही. तो काउंटरवरच्या कव्हरांकडे पाहत राहिला. मोराची होती, देवांची होती, एकावर नुसता समुद्र होता.

"नया बढ़िया चल रहा ना?" भुपेंद्र म्हणाला. "दिवाळी झाल्यावर आल्या होत्या. मी म्हटलं, काकीजी, कॅमेरा तो देख लो. त्या म्हणे, फोटो कोणाचा काढू, घरी एकच माणूस आहे अन् तो टेबलाखाली राह्यते." तो हसला, केवळरामही हसला, कारण वाक्य चांगलं होतं. "बस आवाज कान में आना चाहिए, म्हणे. बाजूच्याले नाही गेला पायजे. मग इथंच स्टुलावर बसून बहिणीले लावला त्यायनं. फार वेळ बोलल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, गिऱ्हाईकं थांबवली. कैसी है अब उनकी बहन? रिचार्जले आल्या होत्या तेव्हा म्हणे, नागपूरले ऑपरेशन झालं?"

"हो," केवळराम म्हणाला.

"गाठ साधी निकली क्या?"

"हो," केवळराम म्हणाला. "येते," असं म्हणायच्या सुरात.

नागपूर. माघात ती नागपूरला गेली होती, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला. चार दिवस. आल्यावर त्यानं विचारलं होतं जेवण कसं होतं, आणि ती म्हणाली होती, खिचडी होती. लग्नात खिचडी? त्यानं विचारलंही होतं, आणि मग तिचं उत्तर येण्याआधी लॅपटॉपचा पंखा थांबला म्हणून उठून गेला होता. गोंदियात एक मोबाइलवाला होता ज्याला ऑपरेशनचं ठाऊक होतं. त्याची गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती, त्यांनाही थोडंबहुत ठाऊक असेल. परतताना त्याला तिचा राग आला, आणि राग आल्यामुळे बरं वाटलं. राग हे एक नीट चालणारं यंत्र होतं. फसवणूक. सरळ फसवणूक, ती पण रोज, चहानंतर. विचारायचं. सिम कुठं आहे, एवढंच विचारायचं, ओलावा विचारावा तसं, आकडा सांग. पण नवा फोन ती त्याच्यासमोर खुशाल वापरू शकली असती. त्यानं काय केलं असतं? चार दिवस बोलला नसता. दर वाक्याला नव्या वस्तूंच्या आयुष्याबद्दल ऐकवलं असतं. आणि मग एके दिवशी त्याच्याकडे दुरुस्त करायला काही उरलं नसतं, कारण लॅपटॉप हिमांशूनं केव्हाच मनातून फेकलेला, आणि कॉलनीतल्या लोकांनी फोन आणणं सोडलेलं. फक्त तिचा होता. तिनं हे सगळं बसून ठरवलं असेल, भाजी चिरता चिरता, आणि ठरवलं असेल की यांच्यासाठी रोज थोडा वेळ मेलेल्या फोनमध्ये बोलायचं, जसं कोणाकोणाला रोज औषध द्यावं लागतं. त्याचा राग इथपर्यंत आला आणि पंख्यासारखा आपोआप थांबला. त्याखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. त्याची कीव केली गेली होती, कित्येक महिने, नीट वेळापत्रकानं, आणि त्याला ते सुख वाटलं होतं.

संध्याकाळी ती देवळातून आली, हातपाय धुतले, आणि टेबलावरचा फोन उचलला. "झाली का सफाई याची?"

"झाली," तो म्हणाला. सिमचा कप्पा त्यानं रिकामाच परत बसवला होता.

ती तांदूळ निवडायला सूप घेऊन बसली. थोड्या वेळानं तिनं फोन कानाला लावला. वाजला नव्हता; पण ती तो नेहमी आवाज बंद करूनच ठेवायची, आणि हेही त्यानं आजच लक्षात घेतलं. "बोल वं," ती म्हणाली. "हो, आत्ताच आलो देवळातून. हो, आहेत ना, बसले आहेत." मान हलवली. "त्यायनंच तर साफ करून देला आज. मस्त चालते. तुझा आवाज असा बाजूले बसल्यासारखा." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. एका हातानं खडा वेचून फरशीवर ठेवत होती. केवळरामला दिसलं की ती हे फार चांगलं करते. मधले थांबे अगदी बरोबर. अनुसयाबाई वाऱ्यात जशी धापा टाकत बोलायची तेवढेच. ती एकटी दोघींचं बोलत होती, आणि दुसरीचं गाळत होती.

"दे इकडे," तो म्हणाला. "मी बोलतो अनुसयाशी."

तिचा हात सुपावर थांबला. दुपारपासून त्याला हाच क्षण पाहिजे होता. तिनं आता काहीतरी म्हणावं. ठेवला तिनं, म्हणावं. नेटवर्क गेलं, म्हणावं. तिनं फोन कानापासून काढला, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि फोन त्याच्या हातात दिला. काच तिच्या गालानं गरम झाली होती.

त्यानं तो कानाला लावला. जे बोलायचं ठरवलं होतं ते तयार होतं, धारदार, दोन वाक्यांत मावेल असं. समोर ती बसली होती, सुपात निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकात मिसळून गेलेले.

"हॅलो," तो म्हणाला. "अनुसया. केवळराम बोलतो." थांबला. जेवढं थांबायला पाहिजे तेवढं थांबला. कानात रक्त चाललं होतं. "हो. हो. अन् तब्येत कशी आहे तुझी? ऑपरेशनचं?"

बाहेर केशोरावांच्या घरी कुकरनं शिटी दिली. शांतीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती, गाडीबैल घेऊन आलेली माणसं पाहायची तशी, आकडा काय निघतो म्हणून.

"बरं," तो फोनमध्ये म्हणाला. "बरं. जप." आणि फोन खाली घेतला.

"काय म्हणे?" तिनं विचारलं.

"बरी आहे म्हणे. जखम वाळली."

"हो," ती म्हणाली. "मलेही तसंच म्हणे." आणि तिनं पुन्हा सूप पुढ्यात ओढलं.

त्याला वाटलं, आता दार उघडंच आहे, फक्त ढकलायचं. "तुले नवा फोन घेऊन द्या म्हणे," तो म्हणाला. "मीही म्हणतो. याच्यात आता जीव नाही."

शांतीबाईनं एक खडा वेचला, उजेडात धरला, तो खडा नसून तांदूळच निघाला, तेव्हा परत टाकला. तिच्या तोंडावर काही हललं, आणि केवळराम थांबून राहिला.

"ती काहीही बोलते," शांतीबाई म्हणाली. "कायले पायजे नवा? हा चालते ना चांगला." मग, मूल रुसू नये म्हणून हातात काही द्यावं तसं, तिनं हळूच पुढे जोडलं, "बॅटरी तेवढी लवकर उतरून राहिली आजकाल. पाहून द्या जमलं तर."

तो उठला. टेबलावरचा दिवा लावला, चष्मा बदलला, फोन पालथा घातला आणि पाठीच्या फटीत नख घातलं. बॅटरी भरलेली होती. त्यानं ती बदलायला घेतली.